डाव्या पुडीची कणीक

या, जरा पुढं सरकून बसा. तिकडं भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. हं, असं. आता हात मोकळे ठेवा, मन इथं ठेवा आणि मी सांगतो ती कथा ऐका. कीर्तनात उत्तररंगाला एखाद्या भक्ताची कथा लावतात, तशीच ही आहे. फरक इतकाच, की हिच्यात देव कुठं प्रकट होत नाही. दिसतो तो एक गुडघा. हसू नका. त्या गुडघ्यापायी एक बाप आणि एक लेक समोरासमोर उभे ठाकले होते, आणि दोघांचंही खरं होतं.

सांधिनी हे औषध आज तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा मिळतं. म्हातारी न्हाणीघरात घसरली, कुणी माळ्यावरून पडलं, की सुई टोचतात, पट्टा बांधतात आणि पंधरवड्यात मोडलेलं हाड भरून येतं. पण मी सांगतोय ते सांधिनी पाळण्यात होती तेव्हाचं.

मिरजेबाहेर माळावर एक अस्थिसंशोधन केंद्र होतं. तिथं एका सकाळी डॉक्टर इरफान मुजावरांनी मृण्मयीला एक्स-रेच्या पडद्यासमोर बोलावून घेतलं. मुजावर हाडांचे सर्जन. मृण्मयी गुरवही डॉक्टर, पण सुई-चाकूची नव्हे, पदार्थविज्ञानाची. सांधिनीतले स्फटिक तिच्या हातचे.

"हा गुडघा कुणाचा, ओळखलास?"

ओळखायला काय लागत होतं! हा गुडघा तिनं आधीच्या कितीतरी फोटोंत न्याहाळला होता. नडगीच्या माथ्यावर तेव्हा नदीच्या फाट्यासारखी गेलेली ती भेग तिनं डोळे मिटूनही काढून दाखवली असती. तिचे वडील दिगंबरबुवा कुरुंदवाडच्या राममंदिराच्या ओल्या पायरीवरून घसरले, तेव्हाची ती भेग. सांधिनीच्या चाचणीत त्यांना घ्या, असं तिनंच सुचवलं होतं.

"भेग गेली की, सर! खूणसुद्धा नाही राहिली. हे तर—"

"भेगेकडं बघू नको. सांध्याच्या बाहेरच्या अंगाला बघ."

तिथं एक पांढरी रेघ होती. नडगीच्या हाडातून निघून वर मांडीच्या हाडाकडं चाललेली, कोळ्यानं एका तुळईवरून दुसरीकडं धागा टाकावा तशी. वरच्या हाडाला ती अजून टेकली नव्हती. मध्ये नखाएवढी जागा उरली होती.

"हे काय आहे?"

"हाड."

"तिथं हाड नसतं, सर."

"तेच तर तुला विचारतोय."

बाहेरून हाक आली. "मिने, झालं का गं तुमचं? ही शिस्टर मला तिसऱ्यांदा चहा विचारतेय. आता नको म्हणायची लाज वाटायला लागली."

मृण्मयी बाहेर आली. दिगंबरबुवा चाकाच्या खुर्चीत बसून हाताच्या दांडीवर बोटांनी बोल वाजवत होते. डाव्या पायावर अजून काही आठवडे भार टाकायचा नाही, असं त्यांना बजावलेलं होतं, आणि देवाची आज्ञा पाळावी तसं त्यांनी ते पाळलं होतं.

"अण्णा, गुडघा नीट वाकतो ना?"

"वाकतो की. सकाळचा जरा आखडल्यासारखा वाटतो. थंडीचं असेल."

"होळी होऊन गेली, अण्णा. कसली थंडी?"

"मग उन्हाचं असेल. डॉक्टर तू का मी?"

मृण्मयी हसली नाही. तिला ती नखाएवढी जागा दिसत होती.

आता घटकाभर थांबून हे औषध करतं काय, ते सांगायला हवं. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जितंजागतं घर आहे, आणि त्या घरात दोन तऱ्हेचे कामकरी अखंड राबत असतात. एक बांधणाऱ्या पेशी, दुसऱ्या पाडणाऱ्या. कुठं बांधायचं हे त्यांना कोण सांगतं? भार सांगतो. हाडावर भार आला, ते किंचित दबलं, की तिथं विजेचा एक अगदी बारीक झटका उमटतो, मुंगीच्या पावलाएवढा. बांधणाऱ्या पेशी तो ओळखतात: इथं जोर येतोय, इथली भिंत जाड करा. म्हणून तर अंतराळात तरंगणाऱ्यांची हाडं झिजतात आणि पहिलवानाची जाड होतात.

मृण्मयीनं केलं होतं ते इतकंच. तिनं पिठासारखे बारीक स्फटिक बनवले. ते थरथरले की त्यांच्यातून तसाच झटका निघायचा. भेगेत ते सुईनं भरायचे आणि वरून एक पट्टा बांधायचा. तो पट्टा एका ठरावीक लयीनं, सेकंदाला साठेक वेळा, थरथरायचा. याहून हळू हलवलं तर स्फटिक निजलेले, याहून जलद हलवलं तरी निजलेले. त्या एकाच थरथरीला ते जागे व्हायचे. पेशींना वाटायचं, केवढा भार आला! मग त्या जीव तोडून बांधत सुटायच्या. हाड भरलं की पट्टा काढायचा, आणि निजलेले स्फटिक हळूहळू रक्तात विरघळून जायचे.

निजलेले असले तर.

बुवांचा पट्टा तर केव्हाच काढला होता. बाकीच्या पेशंटांचे फोटो मुजावरांनी पुन्हा मागवले. ज्यांचे आले ते सगळे स्वच्छ होते. मग या एका गुडघ्यात हे कोळिष्टक कुणाच्या हुकमावरून विणलं जात होतं?

"काहीतरी त्यांना हलवतंय," मुजावर म्हणाले. "घरी जा, मृण्मयी. शोध. ती रेघ वर टेकायच्या आत शोध."

कुरुंदवाडच्या घरात ती कंपनं मोजायचं यंत्र हातात घेऊन हिंडली. भिंतीला लावलं, खाटेला लावलं, जमिनीला लावलं. पाण्याचा पंप निराळ्याच लयीत घरघरत होता. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा मेळ बसेना. उसाचे ट्रॅक्टर जात, तेव्हा खिडक्या वाजत, पण यंत्रावरचा आकडा भलतीकडंच नाचे.

"घराला ताप आलाय होय?" बुवांनी विचारलं. "नाडी बघत फिरतेस ती."

"अण्णा, थट्टा नको."

"बरं, मग एक काम कर. कणीक भिजवून आण. माझी बसायची वेळ झाली."

पाडवा तोंडावर आला होता. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत मंदिरात कुमुदताई सोमणांची कीर्तनं असत, आणि साथीला पखवाज बुवांचा. मृण्मयीच्या जन्माआधीपासूनची ही जोडी. ताई नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागी, उभ्या, बुवा त्यांच्या डाव्या हाताला बसलेले. लहानपणी तिला वाटायचं, ही दोघं मूर्तींबरोबरच देवळात बसवलेली असणार.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, ओली कणीक थापतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. कणीक जितकी जास्त, तितका डावीकडचा आवाज खोल. मृण्मयीनं वाटीत नेहमीएवढा गोळा आणला. बुवांनी तो बघितला आणि वाटी परत केली.

"याच्या दुप्पट आण."

"एवढी?"

"एवढी लागते आता."

ते हळूहळू मांडी घालून बसले. पखवाज पुढ्यात आडवा घेतला. डाव्या तोंडाची कड थेट डाव्या गुडघ्याला टेकली, वर्षानुवर्षं टेकत आली होती तशीच. सांधा आखडलाय कुठं, ते बघावं म्हणून मृण्मयी शेजारी बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर तळहात ठेवला. बुवांनी देवाच्या नावानं पुडीला नमस्कार केला आणि डावा हात टाकला.

त्या घुमाऱ्याचा आवाज कानात शिरायच्या आधी तिच्या तळहातात शिरला. ही थरथर तिच्या ओळखीची होती. प्रयोगशाळेत किती पट्टे तिनं मुठीत धरून तपासले होते! घरच्या मांजराची घुरघुर अंधारातही कळावी, तशी ती तिच्या हाताला कळली.

"अण्णा, थांबा."

"सम येऊ दे."

"थांबा म्हणते ना!"

पण तालाचा फेरा पुरा करणारी ती सम आल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. ती आली तेव्हाच ते थांबले. मृण्मयीनं यंत्र गुडघ्याला लावलं. "आता एकदाच, फक्त डावा हात." आकडा थोडा नाचला आणि साठावर येऊन गप उभा राहिला.

"किती वेळ वाजवता हे?" तिनं विचारलं.

"दुसरं काय करू? पाय टेकायचा नाही, उभं राहायचं नाही, बसून काय ते करा, हे तुम्हीच सांगितलंत. बसून मला एवढंच येतं. सकाळी बसतो, दुपारी बसतो, संध्याकाळी बसतो. शिकत होतो तेव्हासुद्धा एवढा बसलो नव्हतो. मजा येतेय, खरं सांगायचं तर."

"पण तुमचा पखवाज इतका खाली कधीच नव्हता. मला पाठ आहे तुमचा डावा."

बुवांनी पुडीवरची कणीक बोटानं सारखी केली. बराच वेळ केली.

"ताईंचा आवाज उतरलाय," शेवटी ते म्हणाले. "घशाचं ते ऑपरेशन झाल्यापासून. वरचा स्वर यायचा असला की त्या डोळे मिटून थांबतात. लोकांना वाटतं, भाव दाटून आला. मला ठाऊक आहे काय झालंय ते. मग मी आधीच सगळं खाली लावून ठेवतो. पेटीवाल्यालाही खूण करून ठेवलीय. त्यांच्यावर मागायची पाळी येऊ नये."

मृण्मयीनं सगळं सांगितलं. स्फटिक, थरथर, ती पांढरी रेघ. बुवांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी कणीक खरवडून काढली, पखवाजाला गवसणी घातली आणि म्हणाले, "हे ताईंना कळता कामा नये. माझ्या गळ्यामुळं झालं म्हणतील आणि गायच्या बंद होतील. वचन दे."

तिनं वचन दिलं.

पखवाज बंद झाला. रेघ मात्र थांबली नाही.

पुढच्या फोटोत ती वर टेकलेली होती, आणि तिच्या शेजारी आणखी दोन निघाल्या होत्या. मुजावरांनी बाप-लेकीला आत बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. जागे झालेले स्फटिक विरघळायच्या आत नव्या हाडात चिणले गेले होते. आता पखवाजाचीही गरज नव्हती. ते कोवळं हाड स्वतःच ताणलं जाई, त्या ताणानं आतले स्फटिक झटके देत, त्या झटक्यांनी आणखी हाड वाढे.

"कापून काढा की," बुवा म्हणाले.

"कापलं तर चुरा पसरेल, बुवा. जिथं कण पडेल तिथं नवं हाड. आज एक सांधा जातोय, मग काय काय जाईल, सांगता येत नाही."

"म्हणजे गुडघा जाणार."

"सांधा मिटणार. परवापर्यंत. मग तो कायमचा एकाच कोनात राहील. तो कोन कोणता असावा, एवढंच आज आपल्या हातात आहे. उद्या दुपारी भूल देऊन पाय प्लास्टरमध्ये बसवू. सरळ बसवला तर तुम्ही चालाल. थोडं फेंगडं, पण आपल्या पायांनी."

"आणि मांडी घातलेल्या कोनात?"

मुजावरांनी मृण्मयीकडं बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "मांडीत थांबला तर उभा जन्म कुबड्यांवर जाईल. न्हाणीघरात कसं जाणार? एसटीत कसं चढणार?"

"पण वाजवेन."

"खुर्चीवर बसून वाजवा ना!"

"नारदाची गादी जमिनीवर, ताई तिच्यावर उभ्या, आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसू? चहा पण मागवू का मग?"

"खाली बसा. पाय पसरून."

"रामाकडं पाय करून?"

"मग उभं राहून—"

"उभं राहायचा मान एकट्या कीर्तनकाराचा. साथीदार बसतो. माझा बाप तिथंच बसला, त्याचा बाप तिथंच बसला. गुरव आहोत आपण, मिने. देवाच्या पायाशी बसायची जागा आपली. आणि मला चालून जायचंय कुठं? घरातून देवळात, देवळातून घरात. तेवढं कुणीतरी उचलून नेईल."

"कोण नेईल? मी मिरजेत असते."

"मग तू नाही नेणार. दुसरं कुणी नेईल."

ते रागानं बोलले नव्हते. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. उद्या त्या न विरघळणाऱ्या स्फटिकांवरही उतारा सापडेल, असं तिला म्हणायचं होतं. पण कधी, असं त्यांनी विचारलं असतं.

व्हरांड्यात येऊन तिनं मुजावरांना गाठलं. "सर, भूल दिल्यावर पाय तुमच्या हातात असतो. सरळ करा. जबाबदारी माझी."

मुजावरांनी चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा लावला. "माझ्या टेबलावर माणूस झोपतो तो माझ्यावर भरवसा टाकून झोपतो."

"ते जन्माचे अपंग होतील!"

"होतील. मलाही ते बघवणार नाही. पण तुझ्या स्फटिकांनी त्यांना न विचारता हाड बांधलं. आता तूसुद्धा न विचारताच बांधणार?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मुजावर जाता जाता थांबले. "विचारायला कुणी उरलं असेल तर विचार. उद्या दुपारनंतर गुडघा आपलं आपण ठरवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुमुदताईंच्या दारात उभी होती. आतून तंबोऱ्यावर एक स्वर चढत होता. चढता चढता तो तुटला. पुन्हा पहिल्यापासून निघाला, पुन्हा तिथंच तुटला. मृण्मयीनं कडी वाजवली आणि आत जाऊन दिलेलं वचन मोडलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. तंबोरा कोपऱ्यात उभा करून ठेवला.

"म्हणजे माझ्या गळ्यानं त्यांचा पाय खाल्ला."

"तसं नाही, ताई."

"डॉक्टर आहेस ना? खरं बोल."

"अर्धं तुमच्या गळ्यानं. अर्धं माझ्या औषधानं."

"बरं झालं. वाटणी तरी झाली." त्या उठल्या, पदर खोचला आणि तशाच उभ्या राहिल्या. "मला वाटत होतं गं, अजून जमतंय. वर्षभर वाटत होतं. लोकांना सांगत होते, ऑपरेशननंतर आवाज गंभीर झालाय म्हणून. आणि हा माणूस खालून हात लावून उचलत होता मला." मग एकदम, "माझ्या चपला कुठं गेल्या? गाडी आणलीयस ना?"

दोघी केंद्रावर पोचल्या तेव्हा ऑपरेशनचं टेबल तयार होतं. भूल देणारी डॉक्टर सिरिंज भरून उभी होती. बुवा हिरव्या झग्यात पाठ टेकून पडले होते. कुमुदताईंना दारात बघून ते कोपरावर उठले, आणि मग त्यांची नजर लेकीकडं वळली.

"सांगितलंस."

"सांगितलं."

"वचन दिलं होतंस मला."

"दिलं होतं. तुम्ही झोपल्यावर पाय सरळ करून घ्यायचं माझ्या मनात होतं, अण्णा. ते नाही केलं. हे केलं."

ताई टेबलापाशी आल्या.

"दिगंबरराव, वर्षभर मला भीक घालत होतात?"

"ताई!"

"मग काय म्हणायचं त्याला?"

"साथ म्हणतात," बुवा म्हणाले. "साथ म्हणजे दुसरं काय असतं?"

ताईंचे ओठ थरथरले. त्यांनी ते मिटून घेतले. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज गादीवरचा होता. "बरं. साथ. मग आता माझ्याबरोबर उभं राहून साथ करा. पखवाज गळ्यात अडकवा."

"तुमच्या शेजारी? गादीवर?"

"गादी माझी कुठली? नारदाची. आणि तो कधी बसल्याचं ऐकलंय तुम्ही? तिन्ही लोक हिंडला, पण बूड टेकलं नाही कुठं. त्याच्या गादीपाशी कुणी उभं राहिलं म्हणून त्याचा अपमान होईल होय?"

"रीत असते, ताई. देवापुढं—"

"देवापुढं? तुमच्या देवळात राम उभा आहे. सीता उभी, लक्ष्मण उभा. मारुतीसुद्धा हात जोडून उभा. एवढी वर्षं त्या देवळात बसलेले तुम्ही एकटेच."

भूल देणारीला हसू आवरेना; तिनं तोंड फिरवलं. बुवा मात्र हसले नाहीत. ते आपल्या गुडघ्याकडं बघत होते. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मुजावर हलक्या आवाजात म्हणाले, "बुवा, वेळ थोडा आहे."

"उभं राहिलो आणि तोल गेला तर?"

"मागं खांब आहे," ताई म्हणाल्या. "शेजारी मी आहे. आणि मी वरच्या स्वराला अडखळले तर तुम्ही आहात. पण आता लपवायचं नाही. मलाही नाही, लोकांनाही नाही."

बुवांनी लेकीकडं बघितलं. "मिने, सरळ म्हणजे अगदी काठीसारखा?"

"किंचित वाकवून ठेवतात, अण्णा. चालताना अडत नाही."

"रामाला नमस्कार?"

"गुडघे टेकून नाही जमणार. साष्टांग घालता येईल."

"तो तर मोठाच," ते म्हणाले. मग मुजावरांकडं वळले. "डॉक्टरसाहेब, एकदा मांडी घालून घेऊ? शेवटची."

मुजावरांनी मान डोलावली. बुवा टेबलावर उठून बसले. उजवा पाय सहज दुमडला. डावा अर्ध्यावर अडला. त्यांनी दोन्ही हातांनी घोटा धरला, दात आवळले आणि ओढला. आतून काहीतरी करकरलं. मृण्मयी पुढं धावली, तिला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. पाय जागेवर आला. कपाळावरचा घाम तसाच ठेवून ते ताठ बसले, हात मांड्यांवर ठेवले आणि ओठांतल्या ओठांत बोल म्हणत त्यांनी एक ठेका धरला. पुडी नाही, कणीक नाही, नुसत्या मांडीवर बोटं. फेरा फिरला, वळला, आणि हात थांबला.

"सम आली," ते म्हणाले. "आता करा सरळ."

त्या दिवशी मृण्मयीनं चाचणी थांबवली. तिच्या वरिष्ठांना ते रुचलं नाही. औषध सगळ्यांना खुलं व्हायला थोडेच दिवस उरले होते. तरी तिनं थांबवलं आणि एकेका पेशंटाला स्वतः फोन केला. तुमच्या घरात काय वाजतं? तुमच्या अंगाला लागून काय थरथरतं? कित्येकांना वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. पण इचलकरंजीची एक बाई यंत्रमागाला कंबर टेकून उभी राहून काम करत होती, आणि तिचा माग नेमक्या त्याच लयीत थरथरत होता. तिचा फोटो अजून यायचा होता. तो आला, आणि तिच्या खुब्यात तसाच एक पांढरा धागा निघाला. अगदी कोवळा. मागापासून बाजूला केल्यावर तो तिथंच थांबला. ती बाई आज चालते, बसते, नातवाला कडेवर घेते.

रामनवमीला देऊळ भरलं होतं. मृण्मयी पुढच्या रांगेत बसली होती, पण तिचं लक्ष देवाकडं नव्हतं. प्लास्टरच्या कडेला तिनं ते यंत्र चिकटवलं होतं आणि त्याचा आकडा तिच्या तळहातावरच्या पडद्यावर दिसत होता. बुवा उजव्या पायावर भार देऊन खांबाला पाठ लावून उभे होते. गळ्यात पखवाज. लोक कुजबुजत होते, गुरव आज उभा कसा? बुवांचे कान लाल झाले होते. उभं राहायची त्यांना सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे पुड्यांवर नुसते पडले होते.

कुमुदताईंनी बुक्का घेतला. स्वतःच्या कपाळाला लावायच्या आधी तो बुवांना लावला आणि गायला सुरुवात केली. पहिला घुमारा उठला. मृण्मयीनं पडद्याकडं बघितलं. आकडा हलला आणि शून्याशी बसला. पखवाज आता छातीपाशी होता, गुडघ्यापासून लांब. तरी प्रत्येक थापेला ती बघत राहिली.

आख्यान रंगलं. वरचा स्वर आला. ताई चढल्या आणि तिथंच तुटल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"हा स्वर आता माझ्याच्यानं लागत नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

मग मागून कुठूनतरी एका बाईनं तो स्वर उचलला, मग आणखी कुणी, मग सारं देऊळ. बुवांच्या तोंडावर हसू फुटलं आणि त्यांचे हात सुटले. मृण्मयीनं तो पडदा पालथा करून ठेवला.

माध्यान्ह झाली. पाळण्याची दोरी हलली, गुलाल उडाला, आणि रामजन्माच्या त्या क्षणाला बसलेला प्रत्येक माणूस उठून उभा राहिला. तेवढ्या गर्दीत खांबापाशी एक माणूस आधीपासून उभा आहे, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

झाली माझी गोष्ट. आता जाण्याआधी एक मागणं. कधी काळी तुमच्यावर वेळ आली आणि सांधिनी घ्यायला दवाखान्यात गेलात, तर सुई टोचण्याआधी डॉक्टर तुम्हाला विचारतील, घरात काही वाजतं का, अंगाला लागून काही थरथरतं का? तो प्रश्न ऐकून पुष्कळ जण हसतात. तुम्ही हसू नका. क्षणभर थांबा, कुरुंदवाडच्या दिगंबरबुवा गुरवांची आठवण काढा, त्यांनी डाव्या पुडीला जास्तीची कणीक कुणासाठी लावली तेही आठवा, आणि मग डॉक्टरांना खरं काय ते सांगा.